शैलाकाकूंचा दावा

शैलाकाकू चिडल्या की हातातला ब्रश खाली ठेवायच्या. चिडलेल्या हातांनी खापर धुवायचं नाही, हा त्यांचा नियम. २००४ साली मिशिगनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये तो ब्रश दिवसातून चारदा तरी खाली यायचा, आणि बहुतेक वेळा माझ्यामुळेच.

काका तिथल्याच ट्रॉय नावाच्या गावी गाड्यांच्या कंपनीत होते. काकू पुण्यात पुरातत्त्व शिकवून आलेल्या, पण डिपेंडंट व्हिसावर नोकरीला बंदी, म्हणून आमच्याकडे फुकट राबायच्या. रोमानियातल्या एका टेकडीवरची खापरं आमच्याकडे अभ्यासाला आली होती आणि मी त्या टेकडीचे नकाशे काढणारा विद्यार्थी. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे डेशियन लोक राहत. त्यांच्या तटबंदीच्या गावांची नावं पुष्कळदा 'दावा'नं संपत. आपली टेकडीही असाच एक 'दावा' ठरवायची आमच्या लॅबच्या प्रोफेसरांना कोण घाई! "दावा करायला काय जातंय," काकू म्हणायच्या, "प्रूफ कुठंय?"

प्रूफ त्यांनाच सापडलं, पण उलटं. तटाच्या अगदी तळच्या भरावातून आलेल्या पिशवीत डेशियन खापरांबरोबर मध्ययुगातले तीन तुकडे निघाले. "भरावात मध्ययुगातलं खापर आहे म्हणजे तट त्याच्यानंतरच बांधलाय," काकू म्हणाल्या. "डेशियन गाव होतं रे, पण हा तट त्यांचा नाही."

प्रोफेसर हसले. व्हॉलंटियरकडून लेबलं बदलली गेली असतील, म्हणून मोकळे झाले. पिशवी अहवालातून गायब. लेबलं तिकडच्या खोदणाऱ्यांनी लावली होती, काकूंनी एकालाही हात लावला नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिथेच उभा होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही, कारण माझी डिग्री प्रोफेसरांच्या सहीवर अडकली होती.

काकू लॅबमध्ये परत आल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "अहवालात माझे आभार मानणारेत म्हणे. ते नाव कॅन्सल करायला सांग. खोट्या तटाला माझं नाव नको." सांगतो, म्हणालो.

पुढे काकांची नोकरी बदलली आणि ते दोघं दुसऱ्या राज्यात, चँडलरला गेले. अहवाल आल्यावर काकूंचा फोन आला. राहून गेलं, असं मी पुटपुटलो.

"राहून नाही गेलं. घाबरलास. तसं म्हण, मला चालेल."

मला तेवढंही म्हणता आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, तो पुन्हा कधी केला नाही. प्रोफेसरांचा आणि त्या व्हिसाचा राग मला आजही येतो, पण सगळ्यात जास्त माझा येतो. आभारात त्यांचं नाव आहे. आणि त्या तटाच्या नकाशाखाली, ठळक अक्षरात, माझं.