अमझेऱ्याचा वाचक

देवासच्या कारखान्यातली नोकरी सोडून माझ्या नवऱ्यानं, हेमंतनं, २००५ साली माळव्यातल्या मराठी माणसांसाठी ब्लॉगची साइट काढली. लिहिणारे सगळे म्हातारे. त्यांची मुलं हिंदी शाळेत शिकलेली, वाचणार कोण? म्हाताऱ्यांचं मन मोडू नये म्हणून हा शहाणा आसपासच्या गावांवरून ‘अमझेऱ्याचा वाचक’ असल्या खोट्या नावांनी स्वतःच प्रतिक्रिया लिहायचा. चौथ्या वर्षी वैतागला. साइट बंद करून पुण्याची नोकरी धरायचं ठरलं.

तेवढ्यात साइटवर लिहिणारे शेजारचे गोपाळराव आले, हेमंतला म्हणाले, “भिया, माझ्या पंच्याहत्तरीला त्या अमझेऱ्याच्या वाचकाला बोलाव. माझं तोच एक वाचतो.”

ते गेल्यावर मी ओरडले, “आता तरी खरं सांग त्यांना!”

संध्याकाळी अमझेऱ्याच्या वाचकानं साइटवर कळवलं, “तब्येत बरी नाही, येणं जमणार नाही. पण तुम्ही लिहीत राहा, मी वाचतोय.”

पुण्याला नकार मात्र हेमंतनं स्वतःच्या नावानं कळवला.