चालू, बंद आणि खोकणारी मोटार

पेडगावकडच्या एका गावाची पाणीपुरवठ्याची मोटार किती भरवशाची आहे, हे ठरवायला मला पाठवलं होतं. इंजिनिअरिंगची पदवी नवी होती, त्यामुळे मानही जरा जास्तच ताठ होती. मोबाइलवरच्या फॉर्मात दोनच चौकटी होत्या: चालू आणि बंद.

मोटार सांभाळणारे मामा मात्र शाळकरी वहीत नोंद ठेवत. मोटारीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे, मग लिहायचं. कधी 'खोकायलीय', कधी 'लंगडायलीय', कधी नुसतं 'रुसली'. खोकली की वरच्या गल्लीला करंगळीएवढी धार, लंगडली की फक्त खालच्या गल्लीला पाणी. बायका वहीत काय लिहिलंय ते विचारूनच हंडे घासायला घेत. मला हसू आलं आणि मी 'चालू' दाबलं.

दुसऱ्याच दिवशी वरच्या गल्लीला येणारा पाण्याचा टँकर थांबला; फॉर्मात 'चालू' असलं की टँकर मिळत नाही. मामा फोनवर रागावले नाहीत, मोटार लंगडायलीय एवढंच तीनदा म्हणाले. मला लाज वाटली. तोडगाही मीच काढला, आणि तो आठवला की अजून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. रोज अकराला फॉर्मासोबत मोटारीचा फोटो पाठवावा लागे, तेवढ्यापुरती ती बंद करायची. पाणी मिळावं म्हणून आम्ही पाणी बंद करू लागलो. टँकर परत आला.

महिनाभर रोज 'बंद' वाचून वरच्या ऑफिसला दया आली. जुनी मोटार भंगारात गेली, नवी बसली, नारळ फुटला. मी हौसेनं 'चालू' भरलं आणि टँकर पुन्हा गेला.

नवी मोटार खोकत नाही, लंगडत नाही. व्होल्टेज जरा पडलं की सरळ बंद होते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज पडलेलंच असतं. मी धावत गेले तर दोन्ही गल्ल्यांचे हंडे कोरडे. 'बंद' भरायला गेले, तर ती चौकट उघडेचना. ऑफिसात फोन केला. मोटारीला वर्षाची गॅरंटी आहे, तोवर ती बंद असू शकत नाही, असं उत्तर मिळालं.

मामांनी वही माझ्या हातात दिली.

"ही तुमीच ठेवा मॅडम. आता हिच्यात लिव्हायसारखं काई राहिलं न्हाई."

अकरा वाजले होते. हंडे घेऊन बसलेल्या बायकांसमोर मी 'चालू' दाबलं.