आप्पाचा दम

सकाळी सुमन वहिनीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "माई, तुमचा भाऊ उठू नाही राहिला," एवढंच ती म्हणाली. पिठाच्या हातांनीच मी गल्ली ओलांडून धावले. आप्पा कुशीवर झोपलेला होता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले... आता दीड महिना झाला. रडून झालं, तेरावं झालं. पण त्याच्याबद्दल लिहायला बसले की मला थेट आमच्या राजघाटाजवळचं कबड्डीचं मैदान दिसतं आणि जीव तेव्हासारखाच वरखाली व्हायला लागतो. म्हणून हा लेख थोडा धावतपळतच जाईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तरुणपणी बुऱ्हाणपुरात कबड्डीच्या चढाईला आप्पासारखा कुणी नव्हता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी, आळशी आणि माझ्या ताटातली मावा जिलेबी पळवणारा होता. पण 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो मध्यरेषा ओलांडायचा तेव्हा समोरची पोरं आधीच दोन पावलं मागे सरकायची. त्याचा दम संपतच नसे. पुढे तो केळीच्या मंडीत कामाला लागला. ट्रक भरेपर्यंत बिडी, भाव ठरेपर्यंत बिडी, घरी आल्यावर ओट्यावर बिडी. आमच्याकडे बिडीच्या झुरक्यालाही दमच म्हणतात. या दमाने तो दम खाल्ला आणि आप्पाला ते कळायला साठी उलटावी लागली.

कळलं तेही चारचौघांत. जुन्या खेळाडूंचा सामना होता, समोर इच्छापूरचा संघ. आप्पा चढाईला गेला, एकाला शिवला, वळला, आणि मध्यरेषा हातभर राहिली असताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो तिथेच वाकला. दम गेला, पंचांनी त्याला बाद दिलं. इच्छापूरवाले हसले नाहीत, उलट पाणी घेऊन धावले, आणि तेच त्याला झोंबलं. "माई, मले पकडलं असतं तं चाललं असतं," परत येताना तो म्हणाला, "मले तं कोणी हातबी नाही लावला." पुढच्या वर्षी याच इच्छापूरवाल्यांना शिवून एका दमात परत यायचं, नाहीतर मैदानाचं तोंड पाहायचं नाही, असं त्याने त्या रात्री जाहीर केलं.

बिडीची बंडलं घराबाहेर गेली आणि घरात वादळ आलं. दूध पातळ का, पंखा हळू का, मी आले का, मी गेले का... चार दिवसांत बंडल परत आलं. मग वहिनीने त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला निकोटिनच्या पट्ट्या आणि चघळायच्या गोळ्या दिल्या, नीट समजावून सांगितलं. आप्पाने मान डोलावली आणि त्यातला एकच शब्द घरी आणला: पट्टी. आयुष्यभर कबड्डी खेळलेल्या माणसाला पट्टी म्हटल्यावर काय आठवणार? त्याने दोन्ही गुडघ्यांना एकेक चिकटवली, वर गरम पाण्याच्या पिशवीने झकास शेक घेतला, आणि ओट्यावर जाऊन एक बिडीही ओढली. तासाभरात घाम, ओकारी, छातीत धडधड. आम्ही रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पट्ट्या काढल्या, ती जागा नुसत्या पाण्याने धुतली, साबण लावू दिला नाही. जीव थाऱ्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "काका, ये घुटने की पट्टी नहीं है." आप्पा म्हणाला, "मॅडम, गुडघेच दुखतात तं मी लावू कुठे?" इतक्या काळजीतही वहिनीला हसू फुटलं.

या वेळी आम्ही दोघी समोर बसून ऐकलं. दिवसाला एकच पट्टी, दंडावर नाहीतर छातीवर, कोरड्या कातडीवर, रोज जागा बदलून. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. तिच्यावर शेक नाही. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. तलफ आलीच तर गोळी, पण पानासारखी कचाकचा चावायची नाही. हळू चावायची, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायची, आणि त्याच्या थोडं आधी किंवा गोळी तोंडात असताना चहा नाही. आप्पाला यातलं सगळं पटलं, चहाचं सोडून. तोंडात गोळी आणि समोर वाफाळता कप, असा तो कितीदा तरी चडफडत बसलेला मी पाहिलाय. पण पट्टी मोठीवरून लहान झाली, मग सुटली, आणि वहिनी एक दिवस मला म्हणाली, "माई, घरात फोडणीचा वास येऊ राहिला." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

आणि तो सामना. आप्पा मध्यरेषेवर वाकून माती कपाळाला लावतोय, मी बायकांच्या रांगेत पदर चावत उभी. तो आत शिरला. डावा कोपरा चुकवला, उजव्या बाजूच्या एका टकल्या गृहस्थाला शिवला, आणि तिघांनी त्याची वाट अडवली. 'कबड्डी कबड्डी' चालूच होतं, बारीक झालं पण तुटलं नाही. दोघांमधून तो घसरत निघाला आणि त्याची बोटं रेषेपलीकडे पडली. मी कुणाच्या गळ्यात पडले ते मला आजही माहीत नाही. आप्पा मातीत उताणा पडून हसत होता, श्वास घेत होता, नुसता श्वास घेत होता.

पट्ट्या सुटल्यानंतर तीन वर्षं तो जगला. तेराव्याला मंडीतला एकजण म्हणाला, बिडी सोडूनही गेलाच ना शेवटी, मग काय मिळालं? माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ओढलेली बिडी हृदय विसरत नाही, हे मलाही कळतं. पण माझा भाऊ जिवंत होता तोवर पुरता जिवंत होता, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

त्या तीन वर्षांत त्याला एक खोड लागली होती. रोज सकाळी गच्चीवर जाताना खालच्या पायरीपासून वरपर्यंत 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढायचं, मध्ये श्वास न घेता. वहिनी वैतागायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. परवा सकाळी मी त्यांच्या अंगणात उभी होते. वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होती. तिला मी दिसले नव्हते. तिच्या तोंडून अगदी हळू, पुटपुटल्यासारखं येत होतं, कबड्डी कबड्डी कबड्डी... गच्चीत पोचून बादली खाली ठेवली, तेव्हाच तिने श्वास घेतला.