नऊ मिनिटांचा थर

लोहा गावाजवळच्या ग्यानोबाची थोरली लेक वर्षाराणी हैदराबादेत अणुइंधनाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती काय करते असं गावात विचारलं की उत्तर ठरलेलं, "बॉम्ब बनवती." आता गावाला कोण समजावणार! राजगिऱ्याएवढे युरेनियमचे दाणे तापल्या भट्टीत वायूवर खेळते ठेवायचे आणि त्यांच्यावर थर चढवायचे, हे तिचं काम. आधी भुसभुशीत कार्बन, मग घट्ट कार्बन, त्यावर सिलिकॉन कार्बाइडचं कवच, वरून पुन्हा घट्ट कार्बन. हेलियम खेळवलेल्या, लालभडक तापणाऱ्या अणुभट्टीत हे दाणे जातात, आणि प्रत्येकाने आपली किरणोत्सारी घाण आपल्याच पोटात ठेवायची असते.

येळवशीला ती घरी आली. येळवस म्हणजे अख्ख्या गावाने शेतात जेवायचा सण, पण हैदराबादच्या ऑफिसला त्याचं काय! गाडी चुकू नये म्हणून तिने पहिल्या थराचा वायू बाराऐवजी नवव्या मिनिटालाच बंद केला आणि नोंदवहीत बारा लिहून टाकले. तीन मिनिटांनी काय होतंय!

शेतात कडब्याच्या कोपीपाशी आई, कस्तुराबाई, आंबिलीचं मडकं भरणाऱ्या जावेला दटावत होती. "काठोकाठ भरू नगं गं. आंबील फसफसती. जागा न्हाई ठिवली तर बिंदगी फुटंल."

वर्षाराणीचा घास तोंडातच राहिला. पहिला थर असतोच त्यासाठी. अणू फुटले की वायू सुटतात, त्यांना मावायला जागा लागते. हे तिने नव्या पोरींना कितीदा शिकवलं होतं, आणि तीच जागा तिने गाडीपायी खाल्ली होती. तिची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, म्हणून नमुना कुणी तपासलाच नव्हता. सोमवारी माल चाचणीसाठी अणुभट्टीत जाणार होता. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर दाणे आत फुटणार. ती भ्याली, लहानपणी विहिरीत पडली होती तेव्हाही इतकी भ्याली नव्हती.

"काय झालं गं? भूत बगितल्यावानी करायलीस," ग्यानोबा म्हणाला.

"काय न्हाई दादा," ती बापाला म्हणाली. "फोन करायचाय."

बांधावर जाऊन तिने विभागप्रमुख गुरुपादप्पांना फोन लावला.

"सर, माल थांबवा. पहिला थर नऊच मिनिटं दिलाय. बारा मी खोटं लिहिलं."

त्यांनी मालाचा नंबर विचारला, तिने सांगितला.

"थांबवतो," ते म्हणाले. "सोमवारी आधी मला भेट. आता खरं सांग, याआधी कधी असं केलंस?"

न्हाई म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिला आठवलं. मागच्या वर्षीही येळवस होती आणि गाडीही हीच होती. तो माल आठ महिने झाले, अणुभट्टीत तापत होता.

"हाव सर," ती म्हणाली. "मागच्या येळवशीचा मालही बाहेर काढा."