अण्णांना तारांगण दाखवलं

ही गोष्ट दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापरीस मीच सांगतो. चहा घ्या. हसू आलं तर हसा, मला आता सवय झाली हाय.

दुष्काळाचं साल. नेकनूरजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी काढलेली. कडबा लांबून ट्रकनं यायचा आन मोकाट गुरं घुसून फस्त करायची. चेअरमन अण्णा म्हणाले, काटेरी तारेचं कुंपण घालू, चांगला माल कुठं मिळतो बघ. सेक्रेटरी मी. मागं शहरात गेलतो तेव्हा एसटीच्या खिडकीतून फलक बघितला होता: ‘भव्य तारांगण. अवश्य भेट द्या.’ आता तारांगण म्हणजे काय? तारांचं अंगण. एवढं मराठी मला येतंय की.

अण्णांना घेऊन गेलो. माल बघायला बी तिकीट लागतं म्हणून ते कुरकुरले. मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, “मॅडम, आत तारा जवळून बघायला मिळतील ना?”

“अगदी डोक्यावर दिसतील, काका.”

“गंजत-बिंजत न्हाईत ना?”

बाई हसल्या. “कोट्यवधी वर्षं झाली, अजून तसेच आहेत.”

अण्णांनी मला कोपर मारलं. म्हणाले, ही कंपनी सोडू नको.

आत गेलो तर वाटेतल्या संग्रहालयाच्या पहिल्याच दालनात हत्तीचा अख्खा सांगाडा. अण्णा बराच वेळ बघत राहिले. “ह्याच्या गावात छावणी उशिरा उघडली वाटतं.”

मग एका घुमटाखाली निजल्यागत बसवलं आन अंधार केला. वर चांदण्याच चांदण्या. अण्णा तीनदा कानाशी आले, तार कुठाय म्हणून. मी सांगितलं, दम धरा, आधी जाहिरात असते.

दिवे लागले. माहिती सांगणाऱ्या मॅडमनी कुणाला प्रश्न आहेत का विचारलं. मी उभा राहिलो.

“सगळं लई छान हाय मॅडम. पण काटेरी तार किलोला काय भाव?”

शाळेची सहल आलेली. पोरी, मास्तर, सगळे पोट धरून हसले. अण्णा तेवढे हसले न्हाईत. ते रिकाम्या घुमटाकडं बघत बसले.

परतीच्या एसटीत बीड येईस्तोवर अण्णा तिकिटाचा तुकडा उलटून-पालटून बघत राहिले. मग म्हणाले, “का रे, दहावीत मराठीत पास झालतास ना तू?”

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी ठराव मांडला. तार मिळेस्तोवर कडब्याची राखण सेक्रेटरीनं करावी. एकमतानं मंजूर. आन ठरावाचं इतिवृत्त लिहायचं कुणी? मीच लिहिलं, शुद्ध मराठीत.