आडमुठ्याचं धनुष्य

ती दारं करायची, म्हणून तिला सगळे दारवालीच म्हणत. नवरा बस चालवायचा, पण त्याचीही ओळख दारवालीचा नवरा अशीच होती आणि बिचाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. दार चौकटीत बसवलं की ती फटीत पोस्टकार्ड सरकवून बघायची. गेलं, तर दार उतरवून पुन्हा पहिल्यापासून. फटीचा तिला राग होता, वाकड्या रेषेचा त्याहून जास्त. तसा राग तिला बऱ्याच गोष्टींचा यायचा, आणि आला की तो पोटात ठेवायची तिची रीत नव्हती.

घरात तिच्या तोडीस तोड एकच माणूस होता, तिचा सासरा. म्हातारा शिकारीची धनुष्यं करायचा. ते काम येणारा तो एकटाच उरला होता, आणि आता त्याचाही उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता. धनुष्यं तो एकाच लाकडाची करायचा. टेकडीच्या मागच्या अंगाला काटेरी, ठेंगणी झाडं होती, ती पण मोजकीच. लोक त्यांना आडमुठं म्हणत, कारण त्या लाकडात खिळा जात नाही, रंधा अडतो आणि चुलीत घातलं तर नुसतं धुमसतं. सुतार त्याच्या वाटेला जात नसत. म्हातारा म्हणायचा, जरा वाकवून बघा आणि मग नावं ठेवा. कामाच्या खोलीत आढ्याखाली त्या लाकडाचा एक शेवटचा दांडा वाळत पडला होता.

एके सकाळी म्हाताऱ्याचा जुना दोस्त आला. सगळे त्याला शिकारीकाका म्हणत. त्याचं धनुष्य तडकलं होतं आणि कारखान्यातलं तो हातात धरायला तयार नव्हता.

"मग काठी घेऊन जा रानडुकरामागं," म्हातारा म्हणाला. "हात गेला माझा. संपलं ते काम. माझ्याबरोबर संपलं."

दारवाली शेजारीच एक झडप घासत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संपलं कसं? मी काय घरात नाही? मी करते."

"तू दारं कर."

"दारं करतेच आहे. हेही करीन."

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. शिकारीकाकांनी एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि "बघा बाबा तुमचं तुम्ही" म्हणून काढता पाय घेतला. रात्री जेवताना नवरा तिला म्हणाला, "बाबांशी कशाला पंगा घेतेस? एकच दांडा आहे. तो वाया गेला तर?"

"जाऊ देणार नाही," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात वाढायचं विसरून स्वतःच जेवायला लागली.

दांडा तिनं खाली उतरवला. इतकी वर्षं म्हाताऱ्याच्या शेजारच्या बाकावर काढलेली, ती काही डोळे मिटून नव्हती काढली. साल सोलायची, सालीखालचा फिकट मऊ थर खरवडायचा आणि आतलं पिवळं लाकूड लागलं की थांबायचं. धनुष्याच्या पाठीवर त्या लाकडाचा एकच थर, एका वर्षाच्या वाढीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहिला पाहिजे. कुठं जरी कापला गेला तरी धनुष्य गेलं. ती डोळ्यांत तेल घालून खरवडत होती. मान अवघडली, बोटं सोलली, पण पाठीवरचा थर तिनं कुठं दुखावला नाही.

अडलं ते दुसरीकडेच. खालच्या अर्ध्या भागात लाकडानं एक वळसा घेतला होता, वाटेत दगड आला की पायवाट बाजूनं जाते तसा. दारवालीला ते बघवेना. चार दिवस तिनं कळ काढली, शेवटी हात शिवशिवलेच. तिनं रंगाची दोरी ताणून रेघ मारली, रंध्याचं पातं पाजळलं आणि कडांचं रेघेबाहेरचं सगळं उडवून टाकलं. आडमुठं अडत होतं, तीही हटत नव्हती. दांडा असा सरळ झाला की कुणाचीही दृष्ट लागावी.

म्हातारा खुर्चीत बसून बघत होता. त्याचा डावा हात एकदा उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर आला.

पुढचं काम धिमं होतं. आतल्या बाजूनं थोडं तासायचं, भिंतीवरच्या खुंटीला अडकवून वाकवायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, पुन्हा तासायचं. शेवटी दोरी चढली. शिकारीकाकांना निरोप गेला. ते आले आणि धनुष्य बघून अगदी हरखून गेले.

"सूनबाई, हे तर सासऱ्याच्या हातच्यापेक्षा देखणं झालं," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"थांबा काका. ज्यानं केलं त्यानं आधी ओढायचं, मगच घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. या घरात असंच चालतं."

ती अंगणात उभी राहिली. दोरी छातीपर्यंत आणली, मग हनुवटीपर्यंत. पुरी ओढली आणि फाडदिशी आवाज झाला. खालचा अर्धा भाग तुटून तिच्या गालाला चाटून गेला. रक्त आलं. शिकारीकाका मटकन पायरीवर बसले.

"रानात झालं असतं तर," ते म्हणाले, "डुकरानं मला उभा फाडला असता." पाणी प्यायले आणि गेले.

म्हातारा दारातल्या खुर्चीवरून हलला नव्हता.

"तिथंच तुटायचं होतं ते," तो म्हणाला. "लाकूड वळलं होतं तिथं तू सरळ गेलीस. त्याचे धागे कापलेस. दाराला चालतं ते. याला नाही चालत."

"मी रेघ मारली तेव्हा तुम्ही बघत होतात."

"हो."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

म्हाताऱ्यानं तिच्या गालावरच्या रक्ताकडे पाहिलं.

"हात माझा गेला, आणि काम तुझ्या हातात जाणार," तो म्हणाला. "ते मला सोसवेना. तुला जमलं असतं तर मी जिवंतपणी संपलो असतो. वाटलं, तुटलं की बरं वाटेल. नाही वाटलं."

"मला तुमची लाज वाटते," दारवाली म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "लाकडाची मला अक्कल नव्हती. तुम्हाला होती."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं करवत आणि दोर घेतला. म्हातारा पायरीवर बसला होता. एका हातानं बूट कसेबसे चढवले होते, नाड्या लोंबत होत्या.

"कुठं निघालात?"

"तू जिथं निघालीस तिथं. नाड्या बांध."

तिनं बांधल्या. नको तेवढ्या आवळूनच बांधल्या. टेकडीच्या मागच्या अंगाला जायला त्यांना दुपार झाली, कारण म्हातारा दर चढाला बसत होता आणि तिचा हात धरायला तयार नव्हता. तिनं दाखवलेली सरळ झाडं त्यानं एकेक करून मोडीत काढली. शेवटी एका चांगल्याच वाकड्या झाडापाशी थांबला.

"हे?"

"हे."

तिनं ओठावर आलेले शब्द गिळले आणि करवत लावली. झाड पडलं तेव्हा ती घामानं निथळत होती. म्हातारा बुंध्यावर टेकला.

"हे वाळायला वर्षं जातील," तो म्हणाला. "तोवर मी नसेन."

"नसाल तर नसाल. मी असेन ना? जे काय सांगायचं ते आत्ता सांगा. सगळं."

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं तिची बोटं पकडली आणि सालीवर ठेवली.

"डोळे मीट. आत लाकूड कुठून कुठं वळतं, सांग."

तिनं बोटं फिरवली आणि सांगितलं.

"चूक," म्हातारा म्हणाला. "पुन्हा."