सुलाबाईंचा बंद केलेला प्रश्न

गंगाधरराव, तीन वर्षं फोनवर बोलून झालं, आता लिहून सांगते. तुम्ही चिकट आहात, हट्टी आहात, पण वाईट नाही. म्हणून सरळ विचारते, सावळजला कधी जायचं?

एवढं लिहून सांगलीच्या चारुलताबाईंनी पेन खाली ठेवलं. बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना पुढचं वाक्य सुचेना.

गंगाधरराव तासगावच्या बाजार समितीतले निवृत्त कारकून. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, यांनी ‘बेदाणा कट्टा’ नावाची वेबसाइट काढली. शेतकऱ्यांनी प्रश्न टाकायचा, जाणत्यांनी उत्तर द्यायचं. औषधं आणि गंधकाचे प्रश्न चारुलताबाईंकडे. गंगाधररावांचा खाक्या एकच: एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही. तसा प्रश्न दिसला की ‘आधी विचारलंय’ असा शेरा, खाली जुन्या उत्तराची लिंक, आणि प्रश्न बंद. मग त्याखाली कुणालाच लिहिता येत नसे. दप्तर नीट लागल्याचं सुख त्यांना जेवणापेक्षा गोड.

तीन वर्षांपूर्वी मार्चातल्या एका दुपारी सुलाबाई नावाच्या बाईनं विचारलं, “बेदाण्याला गंधकाची धुरी दिल्यावर शेडात कवा जायाचं? मला दमा हाय.”

गंगाधररावांनी ‘गंधक’ आणि ‘धुरी’ एवढंच वाचलं. शेरा मारला आणि चारुलताबाईंचं जुनं उत्तर जोडून दिलं. ते उत्तर होतं धुरी किती वेळ ठेवावी याचं. चार तास. शेडला लावलेला प्लॅस्टिकचा कागद उघडून, विषारी धूर जाईपर्यंत आत वारं किती वेळ खेळू द्यायचं, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

दहा मिनिटांनी बाईनं नव्यानं लिहिलं, “दादा, त्यात माझं उत्तर न्हाई. गडी आला न्हाई आज. चार तास झालं, मी जाऊ का आत?”

तोही प्रश्न बंद. त्यानंतर सुलाबाईंचं एक अक्षर नाही.

जूनमध्ये जुने प्रश्न चाळताना चारुलताबाईंना ते दिसलं. त्यांनी तडक फोन लावला.

“गंगाधरराव, हे काय करून ठेवलंत?”

“बाई, मी नीट वाचलंच न्हाई वो.”

“दोन ओळी होत्या. पोथी नव्हती!”

“असंल ती बरी. रागावली असंल माझ्यावर.”

“रागावलेलीच असू दे, देवा.”

नावापुढे फक्त ‘सावळज’. आडनाव नाही, फोन नंबर नाही. तासगावातून एसटीनं तासाभराच्या आतलं गाव.

गंगाधररावांनी प्रश्न बंद करणं सोडलं. आता प्रत्येक उत्तराखाली ते लिहीत, “यात तुमचं उत्तर मिळालं का?” द्राक्षाच्या मांडवाच्या तारेबद्दल विचारणाऱ्या ऋषिराज नावाच्या पोरानं टोमणा मारला, “मिळालं की ओ दादा! माझी बायकू बी एवढं इचारत न्हाई.” कट्ट्यावर सगळे हसले. गंगाधररावांनी त्यालाही विचारलं, नक्की मिळालं ना?

मग एका दुपारी सुलाबाईंच्या नावापुढचा, माणूस कट्ट्यावर आल्याचा हिरवा ठिपका लागला.

“बाई, लागलाय! बघा की!” गंगाधरराव फोनवर ओरडले. दोन गावांत दोन म्हातारी माणसं एका ठिपक्याकडे डोळे लावून बसली. गंगाधररावांनी लिहिलं, “ताई, बऱ्या आहात का?” दोन मिनिटं गेली. ठिपका विझला.

“तीच असंल,” ते म्हणाले.

“किंवा तिचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असेल.”

बोलून गेल्यावर बाईंना वाटलं, जीभ चावायला हवी होती. त्या दिवसापासून गंगाधररावांनी कॉम्प्युटर बंद केलेला नाही. जेवायलाही त्याच्यासमोरच बसतात, घास हातात आणि नजर ठिपक्यावर.

दिवाळी झाल्यावर एकदा ठरवून दोघं तासगावच्या स्टँडवर आली. सावळजची गाडी लागली.

“चला.”

“बाई, गर्दी हाय. पुढच्या गाडीनं जाऊ.”

“कसली गर्दी? आत चार माणसं आहेत!”

गंगाधरराव दाराचा दांडा धरून उभे राहिले. “आणि ती नसली, तर कुणाला विचारू बाई? काय म्हणून विचारू?”

बाईंच्या जिभेवर फटकळ उत्तर आलं होतं. पण ‘चार तास’ हे शब्द त्यांच्याच उत्तरातले होते. त्यांचाही पाय पायरीवर पडेना.

“येताय का मावशी?” कंडक्टरनं विचारलं. गंगाधररावांनी दांडा सोडला. डबल बेल झाली.

“पुढच्या गुरुवारी नक्की,” गंगाधरराव म्हणाले.

बाई “हो” म्हणाल्या आणि सांगलीच्या गाडीत बसल्या. सावळजला अजून कुणीच गेलेलं नाही.